जुन्या मोटारीचे वातानुकूलन : दुरुस्ती, रूपांतर आणि ओझोनचे रक्षण

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या मार्गावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव आहे. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे मुक्तांबाळच्या नावाने छत्र उभारले. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना उन्हातान्हात सावली, पाणी आणि अन्न मिळावे, हा अशा छत्रांचा हेतू होता. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील उन्हाळा तेव्हासारखाच आजही कडक असतो. पारा चाळिशीजवळ पोहोचतो आणि समुद्र फार दूर नसल्याने हवेतील दमटपणा उकाड्यात भर घालतो. वाटसरूची सावलीची गरज आता मोटारीतील वातानुकूलन यंत्रणा भागवते.

ग्रामीण आणि निमशहरी भागांत एखादे वाहन वीस-पंचवीस वर्षे वापरात राहणे नवलाचे नाही. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर योग्यता तपासणी करून पुढे वाढवून घेता येते. त्यामुळे चांगल्या स्थितीतील जुनी मोटार टाकून देण्याऐवजी तिची डागडुजी करण्याकडे लोकांचा कल असतो. अशा मोटारीचे वातानुकूलन बंद पडले की मालक ते स्वतः दुरुस्त करू पाहतो, किंवा घराच्या अंगणात ओळखीच्या मेकॅनिकला बोलावतो. हे काम वरकरणी घरगुती असले, तरी त्याचा संबंध एका आंतरराष्ट्रीय कराराशी, देशाच्या कायद्याशी आणि पृथ्वीभोवतीच्या ओझोन थराशी आहे. म्हणूनच त्यातील कोणता भाग घरी करावा, कोणता करू नये आणि जुनी यंत्रणा नव्या वायूवर नेताना काय बदलावे लागते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

यंत्रणा कशी चालते?

वातानुकूलन यंत्रणा थंडी निर्माण करीत नाही. ती मोटारीच्या आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. हे काम प्रशीतक करतो. गॅरेजमध्ये त्यालाच नुसते 'गॅस' म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर प्रशीतकाची वाफ दाबून तापवतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ही वाफ आपली उष्णता बाहेरच्या हवेला देते आणि द्रवरूप होते. पुढे ड्रायर या नळकांड्यात तिच्यातील ओलावा शोषला जातो. त्यानंतर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रातून बाहेर पडताना द्रवाचा दाब एकदम उतरतो आणि तो अतिशय थंड होतो. डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये तो उकळून वाफ होतो व त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या हवेतून घेतो. ही वाफ पुन्हा कॉम्प्रेसरकडे जाते आणि चक्र पूर्ण होते. प्रशीतकाबरोबर थोडे तेलही यंत्रणेत फिरत असते. कॉम्प्रेसरचे वंगण तेच.

हे चक्र पूर्णपणे बंदिस्त असते. इंजिनात पेट्रोल जळून संपते, तसा प्रशीतक वापरून संपत नाही. त्यामुळे 'गॅस संपला' याचा खरा अर्थ 'गॅस गळाला' असाच असतो. गळती न शोधता दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून घेणे ही दुरुस्ती नव्हे. तो दर वर्षी नव्याने केलेला खर्च आहे आणि दर वर्षी नव्याने केलेले प्रदूषणही आहे.

आर-१२ चा उदय आणि अस्त

जुन्या मोटारींच्या यंत्रणेत आर-१२ हा प्रशीतक असे. क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बन यांचे हे संयुग सीएफसी गटातील आहे. तो जळत नाही, विषारी नाही आणि उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. या गुणांमुळे १९३० च्या दशकापासून तो जगभर पसरला. मात्र त्याचा चिवटपणाच पुढे घातक ठरला. वातावरणात तो सुमारे शंभर वर्षे टिकतो. स्थितांबरात पोहोचल्यावर अतिनील किरणांनी त्याचे विघटन होते आणि मोकळा झालेला क्लोरीनचा एक अणू लाखभर ओझोन रेणूंचा नाश करू शकतो. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये हा धोका मांडला. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास दाखवून दिला. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुटझन यांना या विषयावरील संशोधनासाठी १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला आणि भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. केंद्र सरकारने २००० मध्ये ओझोनचा ऱ्हास करणाऱ्या पदार्थांच्या नियमनाचे व नियंत्रणाचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार १ जानेवारी २००३ नंतर सीएफसी वापरणारी नवी वातानुकूलन यंत्रणा तयार करण्यास मनाई झाली. देशात सीएफसीचे चार उत्पादक होते. त्यांपैकी एकाचा कारखाना तामिळनाडूत मेट्टूर येथे, ओरत्तनाडुच्या शेतीला पाणी देणाऱ्या कावेरीच्याच काठी होता. हे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी बहुपक्षीय निधीतून ८ कोटी २० लाख डॉलरचे साहाय्य मंजूर झाले. कराराने २०१० ची मुदत दिली असताना भारताने १ ऑगस्ट २००८ पासूनच हे उत्पादन थांबवले. दम्याच्या रुग्णांसाठी लागणाऱ्या फवाऱ्यांपुरता काय तो अपवाद ठेवण्यात आला.

कारखाने मोजके होते. त्यांची दारे एका अधिसूचनेने बंद करता आली. परंतु आधीच विकल्या गेलेल्या मोटारींमध्ये आणि सिलिंडरांमध्ये जो वायू होता, तो हजारो लहान गॅरेजांच्या हाती होता. २००४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सीएफसी निर्मूलन योजनेत म्हणूनच सेवा-दुरुस्ती क्षेत्रावर भर देण्यात आला आणि तंत्रज्ञांना वायू गोळा करण्याचे व यंत्रणा रूपांतरित करण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. आज आर-१२ वर चालणाऱ्या मोटारी थोड्या उरल्या असल्या, तरी तत्त्व तेच आहे. मोटारीत अर्धा किलो आर-१२ असेल आणि तो हवेत सोडला, तर ओझोनची हानी होतेच; शिवाय त्याचा तापमानवाढीचा परिणाम सुमारे साडेपाच टन कार्बन डायऑक्साइडएवढा असतो. सुमारे २,४०० लिटर पेट्रोल जाळल्यावर एवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी मोटार तेवढ्या पेट्रोलवर ३६,००० किलोमीटर जाईल. नळीचा एक नट सैल केला की काही मिनिटांत हे नुकसान होऊन जाते.

घरच्या घरी काय तपासावे?

प्रशीतकाची बंद वाट न उघडता करता येण्याजोगी बरीच कामे आहेत आणि अनेकदा तेवढ्यानेच थंडावा परत येतो. प्रथम कंडेन्सर पाहावा. भाताच्या पट्ट्यात कापणीच्या हंगामात धूळ, तूस आणि किडे त्याच्या पातळ पात्यांत अडकून बसतात. इंजिन थंड असताना हलक्या दाबाच्या पाण्याने तो धुवावा. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. कंडेन्सरचा पंखा फिरतो की नाही, कॉम्प्रेसरचा पट्टा सैल किंवा चिरलेला आहे का, हेही पाहावे.

त्यानंतर विजेचा भाग येतो. वातानुकूलनाचे बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या पुढच्या भागातील क्लच 'खट्' असा आवाज करून फिरू लागतो. आवाज आला नाही, तर फ्यूज, रिले आणि वायरींचे जोड तपासावेत. मात्र प्रशीतक फार कमी झाला असल्यास दाबावर चालणारा स्विचही क्लचला रोखून धरतो. कॉम्प्रेसर कोरडा फिरून जळू नये यासाठीच हा स्विच असतो. त्याला तार जोडून बगल देणे म्हणजे स्वस्त दुरुस्तीच्या नादात महागडा भाग गमावणे होय.

पायापाशी पाणी साचत असेल, तर कूलिंग कॉइलखालची निचऱ्याची नळी तुंबलेली असते. ती मोकळी करणे सोपे आहे. गळतीचा शोध डोळ्यांनीही घेता येतो. वायूबरोबर तेलही झिरपत असल्याने जोडांवर धूळ चिकटलेले तेलकट डाग दिसतात. तेथे साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे येतात. कोणता वायू भरलेला आहे, हे बॉनेटखालच्या चिठ्ठीवरून आणि वायू भरण्याच्या तोंडावरून कळते. आर-१२ च्या तोंडाला आटे असतात, तर आर-१३४ए च्या तोंडावर झटपट बसणारी जोडणी लागते व तिचे माप निराळे असते. चुकीचा वायू भरला जाऊ नये, म्हणूनच हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. घरचे काम येथे संपते. यापुढे यंत्रणा उघडावी लागते आणि त्यासाठी वायू गोळा करणारे यंत्र, दाबमापक, निर्वात पंप व वजनकाटा ही साधने अपरिहार्य आहेत.

रूपांतर म्हणजे नेमके काय?

आर-१२ ची जागा मोटारींमध्ये आर-१३४ए ने घेतली. त्यात क्लोरीन नसल्याने ओझोन थराला त्याचा उपद्रव होत नाही. तो उणे २६ अंशांच्या आसपास उकळतो. दोन्ही वायूंचे गुण जवळजवळ सारखे असल्याने जुना काढून नवा भरला की झाले, असा समज होतो. प्रत्यक्षात चार गोष्टी आड येतात.

पहिली गोष्ट तेलाची. आर-१२ बरोबर खनिज तेल वापरले जाते. ते आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. परिणामी तेल यंत्रणेच्या तळाशी अडून राहते, कॉम्प्रेसरला वंगण पोहोचत नाही आणि तो झिजून जाम होतो. म्हणून जुने तेल काढून कृत्रिम तेल घालावे लागते. रूपांतरासाठी बहुधा एस्टर तेल निवडतात, कारण उरलेल्या थोड्या खनिज तेलाचे त्याला वावडे नसते. नव्या मोटारींतील पीएजी तेल हवेतील ओलावा फार लवकर शोषते. किनारी दमट हवेत त्याचा डबा उघडा राहिला तर ते वाया जाते.

दुसरी गोष्ट रबराची. आर-१३४ए चे रेणू लहान असतात आणि जुन्या रबरी कड्यांतून ते निसटतात. उघडलेल्या प्रत्येक जोडावर नव्या वायूला चालणारी कडी बसवावी. जुन्या नळ्या चिरलेल्या किंवा गळक्या नसतील, तर मुरलेल्या तेलामुळे त्या बऱ्याचदा चालून जातात. गळक्या असतील तर आतून नायलॉनचे अस्तर असलेल्या नळ्या घालाव्यात. तिसरी गोष्ट ड्रायरची. त्यातील ओलावा शोषणारा पदार्थ नव्या वायूस व तेलास अनुरूप असावा लागतो. यंत्रणा उघडली की ड्रायर बदलायचाच, हा नियम पाळणे हिताचे.

चौथी गोष्ट दाबाची. उष्ण प्रदेशात हीच कळीची ठरते. शून्य अंशाला आर-१२ चा दाब सुमारे ३.१ बार आणि आर-१३४ए चा २.९ बार असतो. साठ अंशांना मात्र हे आकडे सुमारे १५.२ आणि १६.८ होतात. ओरत्तनाडुच्या किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात उभ्या मोटारीचा कंडेन्सर सहज साठ अंशांपर्यंत जातो. म्हणजे थंड देशात समाधानाने चालणारे रूपांतर येथे कॉम्प्रेसरवर अधिक ताण आणते. त्यासाठी कंडेन्सर स्वच्छ व धडधाकट असणे, गरज पडल्यास जादा पंखा बसवणे आणि दाब मर्यादेबाहेर गेल्यास कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच असणे आवश्यक आहे.

कामाचा क्रम

प्रथम जुना वायू यंत्राच्या साहाय्याने स्वतंत्र सिलिंडरमध्ये गोळा करावा. सिलिंडर ऐंशी टक्क्यांहून अधिक भरू नये, कारण उष्णतेने फुगणाऱ्या द्रवाला जागा लागते. त्यानंतर गळका भाग दुरुस्त करून कोरड्या नायट्रोजनने दाबचाचणी घ्यावी. ही चाचणी ऑक्सिजनने कदापि करू नये. तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. टायरात हवा भरण्याच्या पंपानेही ती करू नये. त्या हवेबरोबर ओलावा आत जातो आणि दाबाखालील हवेत मिसळलेला आर-१३४ए पेटूही शकतो.

कॉम्प्रेसर उतरवून त्यातील तेल ओतून काढावे, ते मोजावे आणि उत्पादकाच्या सूचनेनुसार नवे तेल घालावे. ड्रायर व कडी बदलून, वायू भरण्याच्या तोंडांवर नव्या मापाचे जोड कायमचे बसवावेत. मग निर्वात पंप किमान अर्धा ते पाऊण तास चालवावा. हा टप्पा वेळ वाचवण्यासाठी सर्रास गाळला जातो आणि बहुतेक अपयशांचे मूळ तेथेच असते. तीस अंश तापमानाला पाणी उकळून वाफ व्हावे, यासाठी दाब सामान्य हवेच्या सुमारे चार टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागतो. त्याहून कमी दाब बराच वेळ टिकला, तरच आतला ओलावा बाहेर पडतो. उरलेला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ होऊन वाट अडवतो आणि तेलाशी मिळून धातू खाणारे आम्ल तयार करतो. पंप बंद केल्यावर मापकाचा काटा स्थिर राहिला, म्हणजे गळती नाही असे समजावे.

शेवटी वायू वजनावर भरावा. नव्या वायूचे प्रमाण जुन्याच्या ऐंशी ते नव्वद टक्के पुरते. यंत्रणेत ८०० ग्रॅम आर-१२ असेल, तर सुमारे ६४० ते ७२० ग्रॅम आर-१३४ए लागतो. ड्रायरवरील काचेत बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत भरत राहण्याची जुनी रीत आर-१३४ए ला लागू पडत नाही. त्या नादात जादा वायू जातो, दाब चढतो आणि थंडावा उलट कमी होतो. काम झाल्यावर वायूचे नाव व वजन, तेलाचा प्रकार आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवावी. पुढच्या मेकॅनिकने चुकून वायूंची भेसळ करू नये, यासाठी ती लागते.

घातक आडमार्ग

पैसे वाचवण्यासाठी काही ठिकाणी स्वयंपाकाचा गॅस यंत्रणेत भरण्याचे प्रकार घडतात. हा वायू थंडावा देतो हे खरे. पण कूलिंग कॉइल माणसे बसतात त्या भागाला लागूनच असते. गळती झाल्यास ज्वालाग्राही वायू बंद मोटारीत साचतो आणि एक ठिणगी पुरेशी होते. भेसळयुक्त सिलिंडरांपासूनही सावध राहिले पाहिजे. २०११ मध्ये बनावट आर-१३४ए मधील मिथिल क्लोराइडची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन मालवाहू शीतकंटेनरांत स्फोट झाले व कामगार मृत्युमुखी पडले. मोटारीच्या यंत्रणेतही ॲल्युमिनियमचे भाग असतात, हे येथे लक्षात घ्यावे. पावतीशिवाय, सील तुटलेला सिलिंडर म्हणूनच स्वीकारू नये.

इंजिन चालू असताना वायूचा डबा जास्त दाबाच्या बाजूस जोडल्यास तो फुटतो. द्रवरूप प्रशीतक त्वचेवर उडाल्यास हिमदंश होतो आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. हातमोजे व चष्मा वापरलाच पाहिजे. आर-१२ ज्योतीच्या संपर्कात आल्यास त्यापासून विषारी वायू तयार होतात. वायू असलेल्या नळीजवळ गॅसचे वेल्डिंग करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दुसरा टप्पा

आर-१३४ए हेही अंतिम उत्तर नाही. शंभर वर्षांच्या कालावधीत एक किलो आर-१३४ए सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवतो. आर-१२ च्या तुलनेत हे प्रमाण बरेच कमी असले, तरी दुर्लक्ष करण्याजोगे नाही. २०१६ मध्ये किगाली येथे मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती होऊन अशा वायूंवरही मर्यादा आल्या. भारताने २०२१ मध्ये ही दुरुस्ती मान्य केली. त्यानुसार देशातील वापर २०२८ पासून गोठवला जाईल, २०३२ मध्ये त्यात पहिली १० टक्के कपात होईल आणि २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर जाईल. युरोपीय संघात २०१७ पासून सर्व नव्या मोटारींत आर-१३४ए ला मनाई आहे. तेथे प्रामुख्याने वापरला जाणारा आर-१२३४वायएफ सौम्य ज्वालाग्राही असून त्यासाठी खास बनवलेली यंत्रणा लागते. जुन्या मोटारीत तो ओतणे योग्य नाही.

मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या शीतन कृती आराखड्यात २०३७-३८ पर्यंत प्रशीतकांची मागणी २५ ते ३० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आहे. एक लाख तंत्रज्ञांचे प्रशिक्षण व प्रमाणीकरण हेही त्यात धरले होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये प्रशीतन व वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. तथापि तालुक्याच्या गावातील लहान गॅरेजला वायू गोळा करणारे यंत्र एकट्याने घेणे परवडत नाही. चार-पाच गॅरेजनी मिळून एक यंत्र घेणे, किंवा प्रशिक्षण संस्थेतील यंत्र भाड्याने उपलब्ध करून देणे, हे मार्ग व्यवहार्य आहेत. गोळा केलेला आर-१३४ए स्वच्छ करून पुन्हा वापरता येतो, त्यामुळे ही गुंतवणूक हळूहळू भरूनही निघते. ग्राहकानेही 'गॅस भरून द्या' असे न म्हणता 'गळती शोधून द्या' असे म्हटले, तर कामाची रीत बदलू लागेल.

मॉन्ट्रियल कराराचे फळ आता दिसू लागले आहे. सध्याची धोरणे चालू राहिल्यास ओझोन थर जगाच्या बहुतांश भागात २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या शास्त्रीय मूल्यांकनाचा निष्कर्ष जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शासनांनी करार केले, उद्योगांनी कारखाने बदलले, शास्त्रज्ञांनी पर्याय शोधले. जुन्या यंत्रणांमध्ये उरलेला वायू हवेत जाऊ न देण्याचे काम मात्र ओरत्तनाडुसारख्या गावांतील मेकॅनिकच्या आणि मोटारमालकाच्या हाती आहे. गळती बुजवणे, जुना वायू सिलिंडरमध्ये उतरवणे, तेल व कडी बदलणे आणि नवा वायू वजन करून भरणे, एवढे त्यांनी पाळले तर जुनी मोटार आणखी काही उन्हाळे सुखाने धावेल आणि तिच्या गारव्याची किंमत आकाशाला मोजावी लागणार नाही.